माझ्या टबाचं पाणी, माझा कायदा

४ मार्च, बुधवार. सकाळ.
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 
गावच्या स्विमिंग पूलवरचा न्हाणीवाला सिग्वाल्दी आज सगळ्यांदेखत मला म्हणाला की टोर्फी, परत जा, चड्डी काढ, साबण लाव आणि नीट धुऊन ये. मला! तीस वर्षं मी त्या गरम कुंडात रोज सकाळी बसतोय. मी सांगितलं, घरून धुऊन आलोय. (काल संध्याकाळी. किंवा परवा. मुद्दा तो नाही.) तो म्हणे, घरची अंघोळ इथे चालत नाही. शेजारी दोन जर्मन प्रवासी उघडेबंब साबण लावत उभे होते, तेही माझ्याकडे बघायला लागले.
ओल्या केसांनी तरातरा बाहेर पडलो. घरी पोचेपर्यंत केसांचा बर्फ.
कानाला खडा. त्या पूलवर पुन्हा पाय ठेवणार नाही. स्वतःचा टब घेणार.

५ मार्च
कोल्बेनला आणि थोर्लाकुरला फोन केला. कोल्बेन माझ्याबरोबर मासेमारीच्या ट्रॉलरवर होता, थोर्लाकुर निवृत्त मास्तर. कुंडात आम्ही तिघे कायम एका कोपऱ्यात. दोघांना बहिष्काराबद्दल सांगितलं. कोल्बेन म्हणाला, बरोबर आहे तुझं गड्या, अगदी बरोबर, उद्या सकाळी कुंडात बसलो की सगळ्यांना सांगतो.
कुंडात बसून बहिष्कार! थोर्लाकुर तर म्हणाला, पण तू धुतलं होतंस का?
फितूर.
तरी शनिवारी, १४ तारखेला, दोघे माझ्या टबात यायला तयार आहेत. एकदा माझं पाणी बघितलं की पूल विसरतील.

९ मार्च
टब आला. विजेवरचा. मुलगी एदिस हिने रेक्याविकच्या दुकानातून निवडला. परसात, वाऱ्याच्या आडोशाला बसवला. सोबत माहितीपुस्तक. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: टब थंड पाण्याने भरावा, नळाचं गरम पाणी वापरू नये.
वाचून हसू आलं, मग राग. जमिनीखालून कढत पाणी घरोघरच्या नळाला येतं, त्याच्यावर आमची घरं, आमची अंघोळ, हिवाळ्यात आमचे रस्तेसुद्धा तापतात. आणि ह्या देशात मी थंड पाणी भरून ते विजेवर तापवायचं? शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? पुस्तक लिहिणारा नक्कीच दुसऱ्या कुठल्यातरी देशातला. आयुष्यभर इंजिनं सांभाळलेल्या माणसाला टब भरायला शिकवतोय.
गरम नळाला पाइप जोडला. तासाभरात टब काठोकाठ. वीज शून्य.

१० मार्च
पाणी जरा जास्तच गरम. बोट घातलं, ते आता मलमात आहे. वरचं झाकण मध्येच फुगलंय.
उपाय लगेच सुचला. परसात बर्फ आहेच. बर्फ म्हणजे आकाशातून आलेलं पाणी, त्याहून शुद्ध काय? फावड्याने ओतला. थोडी वाळू गेली, थोडी माती. शेजारच्या मांजरीची वाट तिथूनच जाते हे नंतर लक्षात आलं. वाहतं पाणी सगळं पोटात घेतं. (टबात पाणी वाहत नाही, असं स्टेनुन म्हणाली. बायकोला इंजिनातलं कळत नाही.)

११ मार्च
सडक्या अंड्यांचा वास. आमच्या नळाला थोडा येतोच, त्याला आम्ही लहानपणापासून सरावलोय. हा मात्र भरपूर आहे.
क्लोरीन टाकलं. मोजायची पट्टी बुडवली तर क्लोरीन शून्य. आणखी टाकलं. शून्य. आणखी. शून्य. पट्ट्या खराब आहेत. दुकानदाराला फोन करून झापलं. तो विचारत होता की पाणी कुठलं भरलंत. मी म्हटलं, पाण्याचं ते माझ्यावर सोडा, तुम्ही तुमच्या पट्ट्यांचं बघा!
दुपारी पाणी दुधासारखं पांढरं.
नळीचं टोपण तळाशी पडलं होतं, ते स्टेनुनने हात घालून काढून दिलं. तिच्या बोटातली चांदीची अंगठी काळी झाली, पार तव्यासारखी. तिने अंगठी बशीत काढून ठेवली आणि बशी माझ्या कॉफीच्या कपाशेजारी सरकवली. ह्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१२ मार्च
एदिसचा फोन. आईने चहाडी केलेली दिसते. बाबा, नळाच्या गरम पाण्यातलं गंधक तुमचं क्लोरीन खातंय, सगळं पाणी सोडून द्या, थंड भरा, क्लोरीन घाला, दोन दिवस थांबा, आणि देवाची शपथ, धुऊनच आत शिरा. मी हो हो म्हणालो. बापाला शहाणपण शिकवण्याचं वय तिचं झालंय, ऐकायचं माझं झालेलं नाही.
पाणी तेच ठेवणार. आता ते मुरलंय.

१३ मार्च, संध्याकाळ
पंप घरघर करत होता. फिल्टरवर चुन्यासारखा पांढरा थर, खरवडूनही निघेना. ही असली नाजूक वस्तू बनवतात आणि वर पैसे घेतात! फिल्टर काढूनच टाकला. आता पंप असा मोकळा चालतोय की ऐकत राहावं. इंजिनाला श्वास घ्यायला जागा हवी, हे पुस्तकवाल्यांना कोण सांगणार.
उद्या शनिवार.

१४ मार्च, शनिवार. रात्री उशिरा.
जिंकलो.
दोघे वेळेवर आले, झगे घालून, टॉवेल काखेत मारून. टबाजवळ येऊन थबकले. कोल्बेनने विचारलं, धुवायचं कुठे? मी जाहीर केलं, माझ्या घरी कोणी कोणाला धुवायला सांगत नाही, थेट आत! दोघे जागचे हलेनात. थोर्लाकुर म्हणाला, टोर्फी, मी सत्तर वर्षांत न धुता पाण्यात शिरलो नाही, आता शिरलो तर माझी आई थडग्यातून उठून माझा कान धरेल. शेवटी दोघेही घरात गेले आणि माझ्याच न्हाणीत, माझ्याच साबणाने, डोक्यापासून पायापर्यंत धुऊन आले. माझ्या घरात सिग्वाल्दीचा कायदा!
मी धुतलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पाठीला कापराचं मलम होतं, तेही तसंच.
फवारे सुरू केले आणि फेस आला. आधी खांद्यापर्यंत, मग हनुवटीपर्यंत. थोर्लाकुरचं फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. कोल्बेन म्हणाला, पाणी जरा जाड लागतंय. मी म्हटलं, खनिजं.
पण बसले! सुका मासा आणि लोणी खाल्लं, गावच्या नव्या महापौराला शिव्या घातल्या. कोल्बेन तर इतका हसला की फेस त्याच्या तोंडात गेला. त्याची बायको गुड्नी गेल्यापासून त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

१६ मार्च
अंगावर लाल पुळ्या. जिथे चड्डी होती तिथे सर्वात जास्त. बसता येत नाही, उभ्यानेच लिहितोय. स्टेनुनने आरोग्य केंद्रातल्या नर्सला फोन केला. नर्सने पहिला प्रश्न विचारला, टबाचं पाणी कसं आहे? ह्या गावात सगळ्यांना माझ्या पाण्याचीच काळजी. पाण्यातले जंतू म्हणे, आठवड्याभरात जाईल. मला वाटतं सुका मासा बाधला.

१७ मार्च
थोर्लाकुरलाही आल्या. कोल्बेनलाही. आज सकाळी न्हाणीत सिग्वाल्दीने दोघांच्या पुळ्या पाहिल्या आणि बऱ्या होईपर्यंत कुंड बंद म्हणून परत पाठवलं.
म्हणजे आता बहिष्कारात आम्ही तिघे!
हे सांगायला कोल्बेनला फोन केला. वाटलं हसेल. तो म्हणाला, टोर्फी, घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही. माझ्या दिवसातला पहिला शब्द मी त्या कुंडात बोलतो. कधीकधी शेवटचाही तोच. तेवढं एक होतं माझ्याकडे, ते तू घालवलंस. आणि फोन ठेवला.
अति करतो. पुळ्याच आहेत. मी काय मुद्दाम केलं? चूक पट्ट्यांची आहे, फिल्टरची आहे, सिग्वाल्दीची तर आहेच.
जेवण गेलं नाही.

१९ मार्च
स्टेनुनने टबाचं बूच काढलं. मला विचारलंही नाही. पांढरं पाणी परसातून वाहत गेलं आणि फाटकाशी गोठलं. तळाला खरखरीत कवच बसलंय, कडेला तडे. दुकानदार म्हणतो, गरम पाणी भरलंत म्हणून हमी रद्द. कुणी सांगितलं त्याला? स्टेनुन खिडकीतून बाहेर बघत होती.

२३ मार्च
स्टेनुनने तळलेल्या क्लैनुरची, पिळाच्या गोड वड्यांची, पिशवी घेऊन कोल्बेनकडे गेलो. त्याने दार उघडलं, पण फटीपुरतं. पिशवी घेतली. मला आत घेतलं नाही. म्हणाला, पुळ्या गेल्या, मी उद्यापासून कुंडावर आहे. तुला बोलायचं असेल तर तिथे ये. धुऊन ये.
दार बंद.
अट घालतो! मला! वाटेत दोनदा मोठ्याने शिवी दिली. समोरून पाद्री येत होते.

२६ मार्च, दुपार
गेलो होतो. फक्त बघायला.
सिग्वाल्दी रजेवर. त्याच्या जागी कुणीतरी नवा माणूस, रेक्याविकहून आलेला. मी टोपी आणि मफलर काढायच्या आत त्याने इंग्रजीत सुरुवात केली: वेलकम सर, फर्स्ट टाइम इन आइसलँड? आणि भिंतीवरच्या चित्राकडे नेलं. चित्रात एक माणूस, त्याचं डोकं, काखा, जांघा आणि पाय लाल रंगवलेले. एकेका लाल जागेवर बोट ठेवून त्याने मला समजावलं.
ओठावर आलं होतं की अरे, तुझ्या जन्माआधीपासून मी इथे बसतोय. पण मग त्याने नाव विचारलं असतं, आणि टबवाला टोर्फी तो हाच, हे अख्ख्या न्हाणीला कळलं असतं. म्हणून येस येस म्हणालो. सगळं काढलं. सगळं धुतलं. लाल जागा दोन-दोनदा. तो हाताची घडी घालून उभा होता.
बाहेर वारा. कुंडातून वाफ. थोर्लाकुर आणि कोल्बेन कोपऱ्यात, माझ्या जागेवर पाय पसरून. मी काठाशी उभा. गारठत होतो. पाणी तळापर्यंत दिसत होतं, हे मात्र खरं.
कोल्बेनने विचारलं, धुतलंस?
हो म्हणालो.
तो माझ्याकडे बघतच राहिला. पाय काढले नाहीत. मग मान वळवून त्याने दारातल्या नव्या माणसाकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. त्या माणसाने अंगठा वर केला आणि कुंडभर ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत ओरडला, ही इज क्लीन!
सगळे हसले.
मग कुठे कोल्बेन सरकला.