मादाम दलॉर्मचा शुक्रवार

पॅरिस, ९ मार्च १७७६

प्रिय एस्तेरताईस,

तुला आणि भावजींना सालोमेचा प्रेमाचा नमस्कार. तू पाठवलेलं चीज पोचलं. प्रवासात जरा घामेजलं होतं, पण वास अगदी आपल्या घरचा. ह्यांनी नाक मुरडलं आणि मोठा तुकडा स्वतःच उचलला. बाबांच्या चर्चचं छप्पर दुरुस्त झालं हे वाचून फार बरं वाटलं.

इकडे सगळं छान आहे. दर शुक्रवारी आमच्या दिवाणखान्यात बैठक भरते. कवी, पंडित, दरबारी येतात आणि सूप गार होईपर्यंत वाद घालतात. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या गावाकडच्या उच्चारांना इथल्या बायका पंख्याआड हसायच्या, म्हणून मी बोलणं कमी केलं आणि ऐकायला लागले. पुढे लोक त्यासाठीच येऊ लागले. मादाम दलॉर्मसारखं कुणी ऐकत नाही, असं इथे म्हणतात.

तू विचारलंस, हल्ली नाटकाला का जात नाहीस. नाटकगृहात फार गारठा असतो गं.

मागच्या शुक्रवारी ब्रेव्हाँ आले होते. म्हातारे आहेत, ताऱ्यांचा अभ्यास करतात. दुर्बिणीत शिरलेल्या कोळ्याला आपण धूमकेतू कसे समजलो, हा किस्सा ते दर वेळी सांगतात. त्यांचे ओठ हलताना पाहून मी नेहमीच्या ठिकाणी हसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते आपल्या बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगत होते.

ताई, गारठा वगैरे काही नाही. मला ऐकू येत नाही. हिवाळाभर ओठ बघून, मान डोलवून निभावलं. ह्यांनाही कळू दिलं नव्हतं.

ब्रेव्हाँ जायला उठले. मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या दुःखाला हसले नाही मी. मी बहिरी होत चाललेय."

ते परत बसले. माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, खालच्या गाडीवानांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. मी त्यांचा हात धरून रडले.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी दिवाणखान्याचं दार लावून घेतलं. मग कानाशी येऊन म्हणाले, "शुक्रवार बंद करूया का?"

"नाही."

"मग तू तिथे करणार काय?"

"बोलेन."

आमच्या घरच्या बाईचं लिखाण चारचौघांत येऊ नये, हे त्यांचं मत तुला ठाऊकच आहे. पण त्यांनी अडवलं नाही. काल मी आपल्या द्राक्षमळ्यातल्या बायकांवर लिहिलेलं वाचून दाखवलं, आपल्याच उच्चारांत. कुणी हसलं असेल तर मला काही ऐकू आलं नाही! हे पुढे बसले होते. वाचून झाल्यावर त्यांचे ओठ मला स्पष्ट दिसले: "पुन्हा वाच." आज सकाळी न्याहारी करताना म्हणाले, छापायचं असेल तर तुझ्या नावानं छाप, चोरून कशाला?

मी खरंच सुखात आहे, ताई. काळजी करू नकोस. फक्त तुझा आवाज आठवायला आताशा वेळ लागतो. उजव्या कानात अजून थोडं ऐकू येतं. रस्ते वाळले की ये, आणि माझ्या उजवीकडे बसून घरचं सगळं सांग.

ते ऐकू येतंय तोवर ये.

तुझी धाकटी,
सालोमे