मॅग्नेशियमच्या गोळीचे फायदे कळविण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (प्रशासन),
गिरणी कामगार आरोग्य योजना,
विभागीय कार्यालय, सदर, नागपूर.

अर्जदार : देवाजी लहानूजी गणवीर, विणकर, विणखाते, सकाळपाळी. राहणार इंदोरा, नागपूर.

विषय : मॅग्नेशियमच्या गोळीचे फायदे कळविणे व ती गोळी पुन्हा सुरू करणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दिनांक २१ एप्रिल १९७७ चे पत्र : "अर्जदाराने सदर गोळीपासून झालेले फायदे सविस्तर कळवावेत, म्हणजे पुढील विचार करता येईल."

महोदय,

आपले पत्र मिळाले. कार्यालय माझ्याविषयी पुढील विचार करणार आहे हे वाचून बरे वाटले. फायदे मागितले आहेत ते लिहितोच, परंतु तोटा सांगितल्याशिवाय फायदा कळत नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. माफी असावी.

१. मी गिरणीत माग चालवतो. धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोके चिमटीत धरायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. विणकराचे सगळे कसब या चिमटीत असते. सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून विणखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवतात. सुताला ती मानवते. माणसाला नागपूरच्या उन्हाळ्यात ती कशी वाटते, हे सुताला विचारून ठरवलेले दिसते. मागल्या उन्हाळ्यापासून माझ्या उजव्या हाताची नस चढू लागली. अंगठा तळहातात शिरतो, त्यावर चार बोटे मिटतात आणि मूठ दगडासारखी होते. दुसऱ्या हाताने ती उघडेपर्यंत मागावर काय होते ते खात्यातला कोणीही सांगेल. साहेब मुकादमांनाही विचारू शकतात, ते तर न विचारताही सांगतात.

२. त्या वेळी आमच्या दवाखान्यात डॉ. चारुशीला देशकर या नवीन बाई होत्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे ज्या अधिकाऱ्यांनी हात पाहिला त्यांनी तो टेबलापलीकडून पाहिला. बाईंनी रक्त तपासायला पाठवले आणि घामावाटे अंगातले क्षार जातात, त्यात तुमचे मॅग्नेशियम फार कमी झाले आहे, असे सांगून गोळ्या दिल्या. मला त्यातले शास्त्र कळत नाही. आधी वाटले, मिठाचाच काही प्रकार असेल. पण खाल्ल्या.

३. आता फायदे.

(अ) पंधरवड्यात मूठ मिटणे कमी झाले आणि पुढे थांबले. मुकादमांनी माझ्या मागाजवळ उभे राहणे सोडले.

(आ) पोटरीत गोळे येत असत, तेही गेले. झोप लागू लागली. छातीत मधूनच धडधडत असे, त्याची आठवणही राहिली नाही.

(इ) माझा तापटपणा उतरला असे माझी पत्नी अंजनाबाई हिचे म्हणणे आहे. हा फायदा मला स्वतःला तपासता येत नाही, म्हणून तिच्या जबाबदारीवर लिहीत आहे.

(ई) माझे अक्षर परत आले. याबद्दल खुलासा करणे भाग आहे. माझे वडील लहानूजी अंगठा लावत आणि कशावर लावला ते घरी येऊन दुसऱ्याला विचारत. मी सातवी शिकलो. धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत प्रौढांचे वर्ग निघाले, तेथे मी शिकवत असे. आजही इंदोऱ्यात ज्याच्या दारात नळ आला, ज्याच्या गल्लीत दिवा लागला, त्याचा अर्ज बहुधा माझ्या हातचा असतो. आपल्या कार्यालयातही माझ्या अक्षरातले अर्ज निघतील, खाली नावे दुसऱ्यांची असतील. जो हात माझा माग चालवतो, तोच त्यांचे अर्जही लिहितो.

४. नंतर डॉ. देशकर बाईंची कन्हानला बदली झाली. नवीन डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी औषधांची मंजूर यादी माझ्यासमोर उघडली. त्यात गोळी नव्हती, परंतु मॅग्नेशियम होते आणि ते रेचकांच्या सदरात होते. डॉक्टर म्हणाले, यादीबाहेर मी जाऊ शकत नाही. कंपाउंडरने पांढऱ्या मिक्श्चरची बाटली भरून दिली व नाव तर तेच आहे, घ्या, असा धीर दिला. मीही विश्वासाने घेतली. त्याचा परिणाम यादीत लिहिल्याबरहुकूम झाला. मूठ मिटतच राहिली आणि मी वारंवार माग सोडून जाऊ लागलो. जागा सोडल्याबद्दल खात्याने लेखी ताकीद दिली. तिला उत्तर लिहिताना कारण कोणत्या शब्दांत लिहावे हे मला सुचले नाही. आयुष्यात एवढाच एक अर्ज मी अपुरा सोडला आहे.

५. गोळी यादीबाहेर द्यायची तर वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते असे कळले, म्हणून मंडळापुढे गेलो. सदरच्या कार्यालयात पंख्याखाली बाकावर बसवले होते, माठातले गार पाणीही मिळाले. माझी पाळी आली तेव्हा हात फुलासारखा उघडा होता. मूठ करून दाखवा, असे सांगण्यात आले. मी केली. आता उघडा. मी उघडली. 'रोग आढळून आला नाही' असा शेरा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकले होते, अनुभव तेव्हा आला. नस मागावर चढते, बाकावर नाही, हे मी सांगितले. त्यावर मंडळाने, रोग मंडळासमोर हजर असणे आवश्यक आहे, असे समजावून दिले.

६. म्हणून दुसऱ्या तारखेला मी रोगाला हजर करण्याची तजवीज केली. सकाळपाळी करून, वाटेत पाणीसुद्धा न पिता, भर उन्हात सायकलने सदरला आलो. रोगाने शब्द राखला. जिन्यातच मूठ मिटली आणि मी आनंदाने वर गेलो. आपला हात कामातून गेला म्हणून माणसाला आनंद व्हावा, अशी वेळ कोणावर येऊ नये. परंतु मंडळाच्या दाराशी बसलेले हेडक्लार्क श्री. अनंतराव यांनी हजेरीपटावर सही मागितली. मी मूठ दाखवली. तर अंगठा लावा, म्हणाले. अंगठा मुठीच्या आत होता. डाव्या हाताचा अंगठा लावू का, असे विचारले. खरे सांगतो, हे विचारताना माझी मान खाली गेली, वडिलांची आठवण झाली. पण गरजवंताला अक्कल नसते. श्री. अनंतराव यांनी माझे कार्ड पाहिले. त्यावर 'साक्षर' असे लिहिले आहे व नमुन्याची सही आहे. साक्षर इसमाचा अंगठा नियमाने चालत नाही, नमुन्याशी जुळणारीच सही पाहिजे, असे त्यांनी सांगितले. ते रागाने बोलले नाहीत. त्यांनी मला बसायला स्टूल दिले आणि मूठ उघडली की सही करा, मग आत जा, असा सल्ला दिला. मूठ उघडली, तेव्हा मी सही केली. सही नमुन्याशी उत्तम जुळली. पण तेव्हा दाखवायला आत काही उरले नव्हते, आणि मंडळही उठले होते. त्या दिवशी माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिले आहे. मी ते पाहिले, मी तेथेच स्टुलावर बसलो होतो.

७. मी कन्हानला जाऊन डॉ. देशकर बाईंना भेटलो. त्यांना वाईट वाटले. त्यांनी जवळच्या थोड्या गोळ्या दिल्या आणि शिफारसपत्रही दिले. त्या गोळ्या चालल्या तोवर हात चालला. शिफारसपत्र मात्र चालले नाही, कारण इंदोरा त्यांच्या हद्दीत येत नाही. मी कन्हानला राहायला गेलो तर पत्र चालेल, पण मग गिरणी लांब पडेल. गोळी बाजारातून विकत का घेत नाही असेही मला विचारण्यात आले. आमच्या बाजूच्या दुकानांत ती मिळत नाही, आणि सदरच्या दुकानदाराने ती मागवावी लागेल असे सांगून, मागवण्यासाठी आपल्याच दवाखान्याची चिठ्ठी मागितली.

८. आता आपण फायदे विचारले आहेत. इथे मी खरोखर अडकलो आहे. फायदा झाला असे लिहावे तर हात बरा झाला, मग गोळी कशाला, असे म्हणता येईल. फायदा झाला नाही असे लिहावे तर निरुपयोगी गोळी कशाला द्यावी, असे म्हणता येईल. धरले तर चावते, सोडले तर पळते. मी दोन दिवस या एका वाक्यावर बसलो होतो. शेवटी जे घडले ते घडले तसे लिहिले. खोटे लिहिण्याची सवय मी हाताला लावली नाही आणि आता हात असा आहे की त्याला नवीन सवय लागणार नाही.

९. खात्याने मला या महिन्याअखेरची मुदत दिली आहे. तोपर्यंत हात नीट न झाल्यास मला मागावरून काढून अंगणात रद्दी कापूस झाडण्यास देणार आहेत. झाडणे हे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांची अंगणे झाडली आणि मला माग शिकवण्यासाठी एका विणकराच्या घरी पाणी भरले. मला त्यांच्या झाडूकडे परत जायचे नाही. आपल्याकडे मोठे औषध मागत नाही. एक लहान गोळी आहे, ती यादीत लिहावी, अथवा न लिहिता द्यावी. मंडळाला हात पाहायचाच असेल तर एक दिवस कृपा करून विणखात्यात माझ्या मागापाशी यावे, मी तेथे नेमाने उपस्थित असतो. तरी साहेबांनी माझ्या हातावर दया करून लवकरात लवकर मला

साहेब, इथून पुढं मी लिहून राहिली. मी यायची बायको, अंजनाबाई. यायची मूठ मिटली. अर्जासाठी आज पाळीचा खाडा केला, सकाळपासून तीनदा उघडून दिली, आता उघडत नाही. हे म्हनतात, थांब, उघडली की मीच पुरं करतो. पन दुपार झाली, आन कचेरी बंद होते. मंग काहून थांबावं? तापट झाले आहेत पुन्हा, ते वर (इ) मध्ये लिहिलं आहे ते खरं आहे, जबाबदारी माही.

मले अर्ज लिहिता येत नाही. लोकायचे अर्ज हे लिहीत, मी भाकर करत बसून आयकत असे, म्हनून दोन शब्द माहीत आहेत. माहं अक्षर यायनंच घडवलं, वर्गात मीच सगळ्यात मागं होती. म्हनून अक्षर थोडंसं यायच्यासारखंच दिसते. गोळीची रिकामी बाटली सोबत जोडली आहे. ती पाहून तरी नाव नीट कळंल, दुसरी बाटली देऊ नका.

यायले म्हटलं, डाव्या हाताचा अंगठा लावून देता का. तर यायनं डावा हात पाठीमागं नेला. मंग मी पुन्हा नाही म्हटलं. कार्डावरच्या नमुन्यासंगं खालची सही जुळनार नाही, साहेब, ते मले मालूम आहे. पन वाचून पाहा, वाचता येते.

आपली नम्र,
अंजनाबाई देवाजी गणवीर
देवाजी लहानूजी गणवीर यांच्या हाताकरिता
इंदोरा, नागपूर. दिनांक ९ मे १९७७