डब्याचा खालचा खण

तलवाडा,
१२ एप्रिल १९९८

॥ श्री ॥

ती. वन्सं यांस,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का ते कळवावे. बातमी अशी की अमरचा काल सिंगापूरहून एसटीडी बूथवर फोन आला. माझे तिकीट काढलेय म्हणे. सव्वीस तारखेला मुंबईहून विमान, आणि सिंगापूरला पोचल्यावर पुढे चार दिवस जहाजात फिरायचे. त्याच्या कंपनीने साहेबलोकांना घरच्यांसकट तिकिटे दिलीत. निम्मा गाव बूथवर गोळा झाला होता. तात्याबांनी तर विचारलेच, की जहाजात म्हैस न्यायची सोय हाय का.

अमर म्हणतो खायला काही आणू नकोस, जहाजात चोवीस तास जेवण असते. असेल. पण आपल्यातली बाई दशम्यांचे फडके न घेता कधी वेशीबाहेर पडलीय का? दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी एवढे तरी नेणारच. सायलीला पाचवा महिना लागलाय, सूनबाईला चटणीची आठवण येत असणार.

आता खरे लिहिते. तुमच्या भावाच्या अस्थींचे गाडगे सोळा महिने विहिरीवरच्या लिंबाला टांगलेले आहे. राक्षसभुवनला सगळे गंगेत सोडले, आणि तुम्ही पदर आडवा धरून उभ्या राहिलात म्हणून ती मूठभर राख मला मागे ठेवता आली. जन्मभर हातावर नारळ ठेवून साऱ्या तालुक्याला विहिरीचे पाणी दाखवत फिरले. निम्म्या विहिरी कोरड्या लागल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. जिथं पाणी हुडकावं लागत न्हाई अशी जागा एकदा बघायची हाय, असे म्हणायचे. समुद्र दाखवतो असे मलाही लग्नानंतर कबूल केले होते. दोघांचेही राहिले.

म्हणून ही मूठ बरोबर न्यायची आहे. पण कशी? धुळाजीचा भाऊ मुंबईला असतो, तो म्हणाला असल्या वस्तू जहाजावर चढू देत नाहीत. अमरला सांगावे तर घरात पोटुशी बाई. सासूने अस्थी आणल्या म्हटल्यावर तिच्या मनाला काय वाटेल? तुम्हीच काही सुचवा, माझे डोके चालत नाही.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
गीता


लिंबागणेश,
१८ एप्रिल १९९८

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

गं. भा. गीता हीस,
कडूबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. गुडघा काही माझ्याआधी मरत नाही, त्याची काळजी सोड. विमानात बसून आल्यावर आम्हाला ओळख देशील का तेवढं सांग. परवा देवळात साखराबाईला बातमी दिली, तर ती म्हणाली गीताला एसटीतच लई मळमळतंय, जहाजात काय होणार. तेव्हा लिंबं घे बरोबर.

तुझ्या अडचणीला माझ्याकडं उत्तर आहे. रझाकारीत आमच्या घराची झडती झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यांनी कणग्या उपसल्या, चूल खणली, देव्हारा उलथा केला. आईनं पाटल्या आणि पुतळ्यांची माळ भाकरीच्या टोपल्यात, फडक्याखाली ठेवली होती. टोपलं घराच्या मधोमध होतं, पण त्याला एकानं हात लावला नाही. बाईनं रांधलेल्या अन्नाला वैरीसुद्धा हात लावत नाही, गीता. हे जहाजवाले तर पाहुण्यांना फिरवणारे लोक.

आईचा दोन खणांचा पितळी डबा एसटीनं पाठवते. वरच्या खणात चटणी भर, खालच्या खणात दादाची पुरचुंडी ठेव आणि वरून फडकं घट्ट बांध. विटाळबिटाळ मनात आणू नकोस. लहानपणी रानात जाताना मी आणि दादा याच डब्यातून जेवलोय.

समुद्रात सोडताना माझंही नाव घे. आणि त्याला म्हणावं, आता तरी हातातला नारळ खाली ठेव.

जपून जा, जपून ये. आमच्यावरचा जीव पातळ करू नकोस.
तुझी,
कडूबाई


सिंगापूर,
३० एप्रिल १९९८

॥ श्री ॥

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे डोके म्हणजे डोके! इथल्या विमानतळावर एका पोराने डबा उघडला, चटणीचा खकाणा त्याच्या नाकात गेला, तीनदा शिंकला आणि जा म्हणून हात केला. खालचा खण त्याने पाहिलासुद्धा नाही.

अमरचे घर अकराव्या मजल्यावर आहे. सायली गुणी पोर. पाया पडायला वाकली तर मीच तिला वर धरले. डबा मी घरात घेतला नाही, गॅलरीत ठेवला. चटणीला वारा लागू द्यावा असे तिला सांगितले, तर ती बिचारी दिवसातून दोनदा डबा सरकवून ऊन चुकवते. रोज सकाळी मी तिथे जाते आणि तुळशीकडे बघत त्यांना हळूच सांगते, की आता थोडेच दिवस राहिले.

कुरकुर एकच. अमर म्हणतो पिशवी घरीच राहू दे. मी म्हटले डबा येईल तर मी येईन. पोरगा चिडला. सायलीने मध्ये पडून मिटवले. पुढच्या शुक्रवारी निघायचे.

तुमचे नाव घ्यायला विसरणार नाही. लोभ ठेवालच.
तुमची,
गीता


जहाजावरून,
१० मे १९९८

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

डबा गेला. तुमचे दादा गेले. दुसऱ्यांदा गेले, आणि मी जवळ असून काही केले नाही.

परवा शुक्रवारी जहाजावर चढायला रांग होती. दारातच टेबल, त्यामागे पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी, हातात रबरी मोजे. बाजूला माणूस मावेल एवढे निळे पिंप. तिने हसत हसत माझी पिशवी उघडली. दशम्या पिंपात टाकल्या, धपाटे पिंपात टाकले. अमर म्हणाला घरून शिजवून आणलेले जहाजात चालत नाही, रोगराई होऊ नये म्हणून नियम आहे, मी फोनवर सांगितले होते. मग तिने डबा घेतला. वरचे झाकण काढून वास घेतला आणि मान हलवली. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मागे अमरचा मोठा साहेब बायकापोरांसकट उभा होता. पोरे माझ्याकडे बोट दाखवून हसत होती. आई सोड, आई तमाशा करू नकोस, नवा डबा आणून देतो, असे अमर दबक्या आवाजात म्हणत राहिला. माझी बोटे त्या मुलीने सोडवली नाहीत, वन्सं. अमरने सोडवली. अरे यात तुझा बाप हाय, एवढे तोंडापर्यंत आले होते. पण शेजारी सायली पोटावर हात ठेवून उभी. माझी जीभ उचललीच नाही. त्याने डबा पिंपात टाकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. खाली सगळे लोकांचे अन्न होते.

तेव्हापासून ताक आणि केळ्यावर आहे. अमरला वाटते चटणीसाठी रुसलेय. एका डब्यापायी माझी चार दिवसांची सुट्टी मातीत घातलीस, असे काल रागाने बोलला.

समुद्र पाहिला. चहूकडे पाणीच पाणी, आणि ज्यांना दाखवायचे ते नाहीत. काल सकाळी कठड्याशी उभी राहिले, म्हटले निदान हात तरी जोडावेत. तेवढ्यात खाली जहाजाच्या कुशीतून खरकट्याचे पाणी सुटले, पेजेसारखे पांढुरके. मासे आणि पाखरे त्यावर तुटून पडली. मला किळस आली. नाकाला पदर लावून तोंड फिरवले आणि खोलीत येऊन पडले. हात जोडायचे राहूनच गेले.

तुमचा डबा, तुमचा भाऊ, दोन्ही माझ्या हातून गेले. रागवा, हवे तेवढे बोला, पण मला टाकू नका.
तुमची,
गीता


सिंगापूर,
१४ जून १९९८

ती. आत्यास,
अमरचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. डब्यात आबा होते, हे बूटही न काढता वाचलं. आई स्वयंपाकघरात होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तर माझं तोंड बघूनच तिनं विचारलं, की वन्संनी कळवलं का. मग तिनं मला प्यायला पाणी दिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आत्या, तिची बोटं मी करंगळीपासून एकेक करून सोडवली. साहेबाची पोरं हसत होती, मला लाज वाटली, एवढंच कारण. आबा गेले तेव्हा रजा मिळाली नाही म्हणून मी तेराव्याला पोचलो. खांदा दिला नाही, पाणी पाजलं नाही. माझ्या हातून त्यांचं जे एकच झालं ते हे.

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या ऑफिसात गेलो. काय शोधतोय ते आधी कुणाला कळेना. मग एका वयस्कर अधिकाऱ्यानं मला खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. पिंपातलं अन्न त्याच रात्री यंत्रात बारीक करतात. डबे नुसते उपडे करतात, आत काय आहे ते कुणी बघत नाही. डबे चेपून बंदरावर देतात. बारीक केलेलं सगळं किनाऱ्यापासून बारा मैल आत गेल्यावर समुद्रात सोडतात. आमच्या फेरीत ते शनिवारी सकाळी सोडलं होतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी विचारते, डबा कुठं ठेवला असेल रे त्यांनी. सायलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणते आईंना सांगून टाका, आबा शेवटी समुद्रातच गेले, इच्छा पुरी झाली, त्यांना तेवढंच समाधान. मला पटतंही आणि धीरही होत नाही. तू सांगशील तसं करतो.

माया करावी असा मी राहिलो नाही, तरी पत्र पाठव.
तुझा,
अमरसिंह


लिंबागणेश,
२५ जून १९९८

चि. अमरसिंह यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मग तुझ्या आईनं जहाजावरून लिहिलेलं पत्र पेटीतून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली. आता मी सांगते ते मुकाट्यानं ऐक. समुद्रात सोडलं हे तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती कधी सोडलं ते विचारील, आणि तुला खोटं बोलता येत नाही. शनिवारची ती सकाळ तिच्या कानावर कधीच जाऊ देऊ नकोस. सायलीलाही तशी ताकीद दे. कावून, ते मला विचारू नकोस. त्या सकाळी तुझी आई कुठं उभी होती आणि तिनं काय केलं ते मला ठाऊक आहे. तुला नको, आणि तिला तर मरेपर्यंत नको.

तिला म्हणावं, डबा जहाजाच्या कोठारात कुलपात ठेवलाय, नियमामुळं परत देत नाहीत. जहाज समुद्रात फिरतं, तसा तोही फिरतो. एवढं तिला पुरेल. ती लई भोळी आहे.

दोष काढायचा असेल तर आधी माझा वाटा काढ. अन्नाला कुणी हात लावत नाही, असं मोठ्या शहाणपणानं मीच लिहिलं होतं. आईच्या पाटल्या वाचल्या त्याच युक्तीनं मी माझा भाऊ घालवला. हे तुझ्या आईला लिहायला बसले, आणि तीन कागद फाडले.

काल अमावस्या होती. दादाच्या नावानं वरणभात कालवून पत्रावळीवर घेतला आणि घरावर ठेवला. मागं सरायच्या आत कावळे तुटून पडले. माझंही तोंड फिरत होतं. पण मी फिरवलं नाही. हात जोडले आणि शेवटचं शीत संपेपर्यंत, तुझ्या आईच्या वाटचंही, बघत उभी राहिले.

आईला जप. तिला भाकरी कुस्करून दे, दुधाबरोबर जाईल.
तुझी,
आत्या