मागे जाणाऱ्या बाणाची हकीगत

स्फाक्स,
३ नोव्हेंबर

आदरणीय शाद्लिया खाला,

तुझ्या भाच्याचा, म्हणजे चष्मेवाल्या नौफलचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम तू लावतेस की नुसतं कपाटात ठेवून त्यावर विश्वास ठेवतेस? तुमच्या केर्केना बेटावर वारा सुटलाय असं बोटीवरची माणसं सांगतात, तेव्हा कानाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. (मुख्याध्यापिकेला असल्या सूचना देण्याची माझी लायकी नाही हे मला ठाऊक आहे, पण पत्राच्या सुरुवातीला एवढं चालतं.) तू पाठवलेला वाळवलेला ऑक्टोपस पोचला. बोटीत कुणीतरी त्या पिशवीवर बसून आला असावा, पण चवीत काही फरक नाही. मी बरा आहे, दुकान बरं आहे, आणि उम्मी, म्हणजे तुझी धाकटी बहीण, हिची तब्येत तर उत्तम आहे. इतकी उत्तम मी गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती.

ईदला तू सगळ्यांदेखत विचारलंस की, दुकान बंद केल्यावर नौफल त्या कॉम्प्युटरसमोर बसून करतो तरी काय, आणि मी चहा ओतायच्या निमित्ताने उठून गेलो. आज सांगतो. जगात काही माणसं मिळून एक कॉम्प्युटरचा पडदा बनवतात: त्यावरच्या खिडक्या, बटणं, घड्याळ, फोटो ठेवायची जागा, सगळं. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून आत काय आहे ते पाहावं, आवडलं नाही तर बदलावं. बनवणाऱ्यांनाही कुणी काही देत नाही. (इथे तू कपाळावर हात मारशील, म्हणून थोडा वेळ थांबतो.) या मंडळींना साहेब नाही. साहेब नसला की भांडणं होत नाहीत असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. साहेब नसला की प्रत्येकाला वाटतं, आपण बोललो नाही तर कोण बोलणार. आमचा नियम असा की कुणी बदल सुचवला आणि सात दिवस कुणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. आठ वर्षांत असे बिनहरकतीचे सात दिवस दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा आमची पत्रं पोचवणारं यंत्र बंद पडलेलं होतं. या प्रकल्पाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ते बदलावं की काय यावर सध्या चर्चा चालू आहे.

आता बाणाकडे येतो. आमच्या पडद्यावर फाइली दाखवणारी एक खिडकी आहे. तिच्या कोपऱ्यात मागे जाण्याचा बाण आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला मागे म्हणजे डावीकडे. आपण उजवीकडून वाचत येतो, तेव्हा आपलं मागे उजवीकडे. हे तुझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही कळलं असतं. पण अरबी लावली की ती खिडकी सगळी उलटी व्हायची, बाण मात्र जिद्दीने डावीकडेच तोंड करून उभा. तीन वर्षांपूर्वी मी तक्रार केली. त्या खिडकीचा कारभारी यिर्की नावाचा एक फिनलंडचा गृहस्थ आहे. कारभारी म्हणजे ज्याच्या हातात शेवटची किल्ली. तो हो म्हणेपर्यंत काहीही आत जात नाही. त्याने मला एका ओळीत विचारलं, "चाचणी कुणी केली?"

मी म्हटलं, चाचणी कसली, मी माझ्या डोळ्यांनी बघतोय, आणि डोळे हा माझा धंदा आहे. तो म्हणाला, हा बाण फिरवला तर फारसी आणि हिब्रू वाचणाऱ्यांचाही फिरेल. त्यांना विचारलंत का? मी विचारलं. फारसीवाल्यांनी पाच महिने घेतले आणि त्यांच्यात दोन तट पडले, ते आजही एकमेकांशी बोलत नाहीत असं ऐकतो. हिब्रूवाल्यांपैकी एकाने लिहिलं की बाणापेक्षा त्याचा रंग वाईट आहे, आणि मग चार महिने आम्ही सगळे रंगावर बोललो. खाला, या एका बाणावर चारशे बारा पत्रं झाली. त्यातली दीडशे माझी. मी मुद्दे मांडले, चित्रं काढली, एकदा तर उपरोधाने कविताही लिहिली. (ती तू वाचलीस तर वृत्ताच्या चुका काढशील म्हणून पाठवत नाही.) यिर्कीचं दर वेळी तेच. चाचणी कुणी केली?

यंदा आमची वार्षिक बैठक स्फाक्सला ठरली. अकरा माणसं येणार होती, यिर्कीही. जमवाजमव कैरोच्या इंजी नावाच्या मुलीकडे होती. (हुशार पोरगी. कुणी कितीही बरळलं तरी "छान मुद्दा" म्हणते आणि वहीत काहीही लिहीत नाही.) बैठकीच्या आदल्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, माझं डोकं तापलं होतं, आणि मी सगळ्यांना जाणारं एक पत्र लिहिलं: या खिडकीचा कारभारी बदलल्याशिवाय बाण काही बदलत नाही, हे आता उघडच आहे. धाडलं. आमच्याकडे धाडलेलं पत्र कुणाला पुसता येत नाही. ते जगाच्या अंतापर्यंत तिथेच राहतं.

तासाभराने इंजीचा फोन. हॉटेलवाल्याने एक खोली लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकली होती, आणि ती नेमकी यिर्कीची. "नौफलभाई, तुमच्याकडे वरची खोली रिकामी असते ना?"

मी विमानतळावर गेलो. मनात मी यिर्कीचं एक चित्र रंगवलं होतं: चाळिशीचा, पातळ ओठांचा, कुत्सित हसणारा. बाहेर आला तो सहासष्ट वर्षांचा एक लाजरा म्हातारा, हातात छोटी पेटी आणि उम्मीसाठी कागदात गुंडाळलेला लाकडी चमचा. शाळेत सुतारकाम शिकवायचा. चमचा स्वतः कोरलेला. माझं पत्र त्याने वाचलंय की नाही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडीत तो एकच वाक्य बोलला: "इथे झाडं एका ओळीत लावतात." जैतुनांबद्दल. मी हो म्हटलं.

घरी उम्मीने माशाचा कुसकुस केला होता. यिर्कीने मिरचीची ती जळजळीत हरिसा टोमॅटोची चटणी समजून चमचाभर तोंडात घातली, लाल झाला, पाणी प्यायला आणि पुन्हा तेवढीच घेतली. उम्मीच्या मनात त्याने घर केलं ते तिथेच. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचं दार पाहिलं. तेच दार, जे चार वर्षं फरशीला घासत होतं आणि जे मी दर वेळी पुढच्या शुक्रवारी दुरुस्त करणार होतो. त्याने लगेच हात लावला नाही. आधी दार कोण जास्त उघडतं, कोणत्या हाताने, हातात भांडं असतं का, हे सगळं माझ्यामार्फत उम्मीला विचारलं. मग अर्ध्या तासात रंधा फिरवून दार असं केलं की आता ते बोटाने ढकललं तरी उघडतं. उम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, "हा माणूस विचारतो तरी." मला ते आवडलं नाही.

बैठकीत पहिला दिवस जेवण कुठून आणायचं यात गेला. (हरभऱ्याची लबलाबी आणायची यावर एकमत होतं, अंडं घालून की न घालता यावर नव्हतं.) दुसऱ्या दिवशी बाणाचा विषय निघाला. मी उभा राहिलो, तीन वर्षांचं सगळं तयार होतं. तेवढ्यात यिर्कीने हात वर केला. म्हणाला, "नौफलचं पत्र मी विमानात बसायच्या आधी वाचलं. त्याचं बरोबर आहे. मी म्हातारा झालोय, दमतो, आणि हरकती घेण्याची मला सवय लागली आहे. ही खिडकी दुसऱ्या कुणी सांभाळावी." आणि खाली बसला.

खाला, दहा माणसं एकदम आपापल्या पडद्यात डोकं घालताना मी प्रथमच पाहिली. हरकत घ्यायला नेहमी नऊजण असतात. त्या दिवशी एकही नव्हता. कारभारी नसला की खिडकी पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतात, हा नियमही आमचाच. ती खिडकी इथल्या कितीतरी शाळांत आहे, वाचनालयांत आहे. मी उभाच होतो. बसावं की बोलावं ते कळेना. इंजी म्हणाली, "छान मुद्दा," आणि तिचा आवाज रडवेला झाला होता.

संध्याकाळी मी उम्मीला सांगितलं. लपवणार होतो, पण यिर्की जेवताना फारच हळू जेवत होता आणि तिला ते दिसलं. ती उठून उभी राहिली. "पाहुण्याला छपराखाली घेतलंस आणि त्याचीच खुर्ची ओढलीस? तुझ्या बापाने दुकानात शत्रूलाही चष्मा बसवून दिला असता!" हे पाच मिनिटं चाललं. यिर्कीने मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, हवा छान आहे म्हणतेय. तो म्हणाला, "हवेवर फार बोलतात तुमच्याकडे."

मग उम्मी म्हणाली, "दाखव मला तो बाण." मी तिचा कॉम्प्युटर उघडला. अब्बांचे फोटो, पाककृती, तुझी जुनी पत्रं, सगळं ती त्याच खिडकीत ठेवते. मी म्हटलं, आता फोटोंमधून मागे जा. तिने काय केलं माहीत आहे? बाणाकडे बघितलंही नाही. खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, आणि पहिल्यापासून शोधत शोधत आली.

मी विचारलं, "अगं, मागे का नाही गेलीस?"

"हे काय, आले की मागे. सहा वर्षं अशीच येतेय. तो बाण दाखवतो एकीकडे आणि नेतो भलतीकडे. एकदा त्याच्या नादी लागून तुझ्या अब्बांचे हजचे फोटो दोन दिवस सापडत नव्हते. तेव्हापासून मी त्याला हात लावत नाही."

सहा वर्षं, खाला! मी तीन वर्षं आणि दीडशे पत्रं खर्ची घातली, आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या माझ्या आईला एकदाही विचारलं नाही. यिर्कीला मी हे शब्दन् शब्द सांगितलं, या वेळी हवेचं काही न मिसळता. त्याने उम्मीचा पडदा आपल्याकडे वळवला आणि तो बाण स्वतः दाबून पाहिला. मग म्हणाला, "आता चाचणी झाली." आणि माझ्यामार्फत उम्मीला म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा विचारायला हवं होतं. नुसतं 'कुणी केली' म्हणत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि यिर्कीने शेजारी बसून बाण फिरवला. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा उम्मी त्याला बदामाची काक बिस्किटं खायला लावत होती. मी सगळ्यांसमोर आणि सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात माफी मागितली, दोन ओळींत. (त्या माफीच्या शब्दरचनेवर सहाजणांनी हरकत घेतली, म्हणजे मंडळी पूर्ववत झाली.) यिर्कीने किल्ली परत घ्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: यापुढे त्या खिडकीतला प्रत्येक बदल आधी उम्मी बघणार.

तर अशी ही हकीगत. सगळं गोड झालं. यिर्की घरी पोचला, दारही घासत नाही. बशीरकाकांना सलाम सांग, शेजारच्या मंडळींना सांग, आणि मलम लाव.

तुझा,
नौफल

ता. क. सगळं गोड झालं असं वर लिहिलं, ते अगदीच खरं नाही. उम्मीने गेल्या तीन आठवड्यांत त्रेचाळीस तक्रारी नोंदवल्या आहेत. सातवी: "खात्री आहे का?" असं कॉम्प्युटर पोलिसासारखा विचारतो, नीट विचारावं. बारावी: पुसलेले फोटो टोपलीत टाकले असं म्हणतात, टोपलीत भाकरी ठेवतात, माझ्या नवऱ्याचा फोटो नाही. एकोणिसावी: "थांबा" म्हणतो तेव्हा किती थांबायचं ते सांगावं, म्हणजे मी रस्सा चढवायचा की नाही ते ठरवीन. यिर्की प्रत्येकीला तासाभरात मंजुरी देतो आणि अरबी येतं म्हणून काम माझ्या गळ्यात पडतं. तिच्यावर हरकत घ्यायची कुणाची छाती नाही. मी एकदा घेतली तर दुपारी जेवायला बोलावलं नाही. वीस तारखेला नवी आवृत्ती निघायची आहे आणि या वेगाने ती पुढच्या रमजानपर्यंत निघणार नाही. तेव्हा हात जोडतो: तिला वीस तारखेपर्यंत केर्केनाला बोलावून घे. गुडघा फार दुखतोय म्हण. तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही याचं मला एरवी वाईट वाटायचं, आज त्याबद्दल अल्लाचे आभार मानतो. हे पत्र उद्याच्या बोटीने पाठवतो.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात चव्वेचाळिसावी तक्रार आली. केर्केनाहून. "अरबीत फाइल पुल्लिंगी, 'पुसली गेली' हे क्रियापद स्त्रीलिंगी. हे अरबी ज्याने लिहिलं तो तिसरीतही हीच चूक करायचा. शाद्लिया, निवृत्त मुख्याध्यापिका." खाला, तू कॉम्प्युटर कधी घेतलास? आणि यिर्कीने तिच्यावर "तातडीचं" असा शिक्काही मारलाय. चूक माझीच आहे, सकाळी दुरुस्त करतो. पण उम्मीला बोलावू नकोस. गुडघा खरोखर दुखत असला तरी बोलावू नकोस. तुम्ही दोघी एका खोलीत बसलात तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.