दुसरा भाग कोण वाचणार?

प्रिय चिमणे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून आज कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर हसू नकोस. दिवसभर सोफ्यांवर कापड ताणून खिळे ठोकणाऱ्या हाताला पेन धरायची सवय राहिलेली नाही.

आधी आईचं सांगतो. खुब्याचं हाड सांधलं, पण ती उठायचं नाव काढेना. व्यायाम शिकवणारी बाई आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वाचायला नजर नाही, चालायला पाय नाही, मग जागी तरी कशाला राहू, म्हणायची. शेवटी तुझ्या वहिनीने फोनवर एक ऑडिओबुक लावून दिलं. चित्रात किल्ला दिसला म्हणून तिला ते ऐतिहासिक वाटलं, आणि निघाली भलतीच भानगड. पहिल्याच प्रकरणात मेलेला राजा कबरीतून उठतो आणि आपल्याच मुलांच्या सावल्या कापून नेतो. ज्याची सावली गेली तो हळूहळू स्वतःचं नाव विसरतो. मी घाबरून बंद करायला धावलो, तर आई म्हणाली, हात लावू नकोस, आत्ता कुठे रंगात आलंय.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गोष्टीत एक चेटकीण आहे, आई सरळसरळ तिच्या बाजूने आहे. तिला कधी कुणी धड विचारलं तरी का, असं म्हणून तुझ्या वहिनीशी वाद घालते. धाकट्या राजपुत्राला ती बावळट म्हणते. व्यायामाच्या बाईने मग युक्ती केली. फोन पलंगापासून लांब, खिडकीतल्या स्टुलावर ठेवायला लागली. नीट ऐकायचं तर उठून जावं लागणार. परवा आई वॉकर घेऊन तिथवर गेली आणि उभ्या उभ्या अख्खी लढाई ऐकली. पाय थरथरत होते, पण बसेना.

मीही कारखान्यात लावतो. आमच्या मिस्त्रींना भुताखेतांचं वावडं, पण राजा दार ठोठावतो तिथे ते हातोडी खाली ठेवून बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तर त्याच्याकडे असं काही बघितलं की ते बिचारं नंतर येतो म्हणून निघून गेलं.

वाचणारी बाई कोण आहे, ठाऊक नाही. आवाज अजिबात गोड नाही. जाडाभरडा आहे, मध्येच चिरकतो. पण चेटकीण बोलायला लागली की अंगावर काटा येतो. मिस्त्री म्हणाले, गोड गळ्याने वाचलं असतं तर आपण भ्यायलोच नसतो. मला तुझी आठवण आली. रेडिओवर तुझ्या आवाजात बातम्या लागल्या की आई गॅस बारीक करून ऐकायची, ते आठवलं. घशाच्या ऑपरेशननंतर कुणा दुकानदाराने तुला फोनवर भाऊसाहेब म्हटलं आणि तू फोन ठेवलास तो ठेवलासच, तेही आठवलं. वापरलात तर आवाजात बळ येईल, असं डॉक्टर तुला माझ्यासमोरच म्हणाले होते.

आता खरं कारण सांगतो. पहिला भाग संपला. चेटकीण विहिरीत उतरते आणि वरून झाकण बसतं, तिथे. दुसरा भाग अजून नुसता छापील मिळतो. तो आणून मी वाचायला बसलो, तर पावती वाचल्यासारखं वाचतोस म्हणून आईने दुसऱ्या पानावरच मला थांबवलं. जरा वेळाने म्हणाली, धाकटीला बोलव. मी म्हटलं, तिचा आवाज आता पूर्वीसारखा नाही, तुला माहीत आहे. त्यावर ती म्हणाली, जो आहे तो मला ऐकायचाय, वर्ष झालं माझी लेक माझ्याशी बोललेली नाही. पुस्तक तिने स्वतःच्या उशाशी ठेवून घेतलंय, कुणाला हात लावू देत नाही. रविवारी ये. आमच्याशी बोलली नाहीस तरी चालेल, तिला नुसतं वाचून दाखव. एक पान वाचून थांबली तरी काही म्हणू नकोस, असं मी आईला बजावलं. ती म्हणाली, थांबू देते की काय मी तिला.

वाट बघतोय.

तुझाच,
दादा