उंबऱ्यावरची जागा

प्रिय वत्सलाबाई,

मोरबीहून लिहितोय, गुजरातेतून. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा चार वर्षांचा होतो नि "होय बाई" सोडून काय सुचत नाय. इथं फरशीच्या कारखान्यात आहे. तीन वर्षांतलं चौथं काम. तुमी म्हणायच्या ना, "नावच हनुमान, याचं बूड कसं टेकायचं!" ते अजून टेकलेलं नाय.

माझी कुणाली साडेतीन वर्षांची झाली. तुमची अंगणवाडी घरासमोर असताना आमी तिला गाडीनं मुरबाडला इंग्रजी नर्सरीत धाडतो, हे तुमी रोज दारातून बघताच. हट्ट माझाच. "खिचडीच्या शाळेत नको," म्हणालो, ते धसईच्या बाजारापर्यंत गेलं, मग तुमच्या कानावर आलंच असणार. रोज फोनवर बायकोला, जयाला विचारायचो, पोरीच्या वहीची किती पानं झाली? पानं भरत होती. इथल्या कामावरच्या पोरांना मी त्यांचे फोटो दाखवायचो.

परवा व्हिडिओ कॉल केला, तर पोरगी हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली. मी हाका मारतोय, ती बोट काढेना. जया म्हणाली, एका जागी बसत नाय म्हणून तिला भिंतीकडं तोंड करून बसवतात. आता घरीही अशीच बसते, बोलणंच आटलंय. त्या टीचरला तरी काय बोलू? तिच्यापुढं तीस पोरं, नि माझ्यासारखे पानं मोजणारे तीस बाप.

मग तुमचा उंबरा आठवला. मीही आत बसत नव्हतो, ओढ्यावर पळायचो. तुमी कधी ओढून नाय आणलंत. उंबऱ्यावर गोणपाट टाकलंत, "अर्धा आत बस, अर्धा बाहेर," म्हणालात, नि दारातल्या चपलांच्या जोड्या लावायचं काम दिलंत. डावी कुठली, उजवी कुठली, एक उरली तर कोण लंगडत घरी गेला! मोजायला मी तिथंच शिकलो. आतली गाणी बाहेर बसून पाठ झाली. आज पट्ट्यावरून फरश्या सरकतात, त्यातली रंगाला वेगळी मी लगेच उचलतो. सुपरवायझर विचारतो, कुठं शिकलास? मी म्हणतो, चपलांत.

जयाला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकलात, मग सातवीत शाळा का सुटली?" खरंय तिचं. अक्षरं मला उशिरा आली. पुढच्या शाळेत उंबरा कुणी दिला नाय, नि मीही थांबलो नाय. नर्सरीत वही लवकर भरते, हे मी नाकारत नाय. पण हे पत्र माझ्या हातानं लिहितोय, बाई. दोन दिवस लागले, लिहिताना दहा वेळा उठलो. तुमी तेव्हा उठू दिलंत, म्हणून परत येऊन बसता येतं.

सोमवारी जया कुणालीला घेऊन तुमच्याकडं येईल. खिचडीच्या त्या बोलण्यामुळं तिला यायची लाज वाटते. तो शब्द माझा, तिचा नाय, मला माफ करा. पोरगी दारातच उभी राहील, तोंडावर बोट ठेवून. तिला बोल म्हणू नका, आत ये म्हणू नका. फक्त सोमवारी दारातल्या चपला कुणाला नीट लावू देऊ नका. पसरलेल्याच राहू द्या.

तुमचाच, अजून अर्धा बाहेर असलेला,
हनुमान