चौथ्या पानाच्या कडेची ओळ

ता. ९ जून, मंगळवार

चि. शंकेखोर बाई,

तुला आशीर्वाद, तुझ्या नवऱ्याला सहनशक्ती. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

पत्र दोनदा वाचलं. सरांच्या सिद्धतेत तुला चूक सापडली, विभागातले म्हणतात तुलाच समजलं नाही, म्हणून ती चूक दाखवणारा तुझा लेख तू मागे घेतेयस. घेऊ नकोस. आधी हे वाच.

तुझे सर, म्हणजे आमचे हे, समीकरणांतून आकार काढायचे. मला कळलं ते एवढंच, की काही आकारांना टोकं असतात आणि ती दरवेळी गुळगुळीत करता येतात हे दाखवायला ह्यांनी अकरा वर्षं घालवली. मी म्हटलं, "सुताराला बोलवा, दुपारपर्यंत करून देईल." हसले नाहीत.

ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. प्रत्येक लेखाची स्वच्छ प्रत मी काढायची. मी सातवी पास, पण अक्षराला बक्षीस मिळालेलं. "तुला अर्थ कळत नाही, म्हणून तुझी चूक होत नाही," म्हणायचे.

त्या अकरा वर्षांच्या लेखाच्या चौथ्या पानाच्या कडेला ह्यांनी बारीक लिहिलं होतं, 'तीन टोकं एकाच जागी आली तर? तपासून टिपेत घालणे.'

ती ओळ स्वच्छ प्रतीत दिसली असती, तर हे पुन्हा तपासायला बसले असते, म्हणजे आणखी अकरा वर्षं. जेवतानाही टेबलावर बोटाने रेघा मारायचे, शेजारी मी आहे की खुर्ची ते बघायचे नाहीत. मी ती ओळ गाळली. पाकीट चिकटवलं.

"सगळं उतरवलंस?"

"अक्षरन् अक्षर."

लेख छापून आला, मोठं पद मिळालं. अंक हातात आला तेव्हा ह्यांनी त्या जागेची टीप बोटाने दोनदा शोधली. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." छापील पानाकडे बघून! पुढचा लेख ह्यांनी स्वतःच उतरवला. त्यानंतरचेही सगळे. ह्यांनीही कुणाला सांगितलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

मूळ पान सोबत पाठवतेय. तू जी चूक धरलीस तीच ह्यांनी आधी धरली होती, हे त्या शहाण्यांना दाखव. सातवी पास बाईने घोळ घातला म्हण, लगेच पटेल त्यांना.

ह्यांची माफी मागायची राहिली. तुझी मागते.

काकू